हाडकीचा पिवळा साका

फेब्रुवारी सरत आला की आमच्या घरात कुणाची तरी परीक्षा असतेच. पूर्वी मुलांची असायची, आता नातवंडांची. पंखे पहिल्यांदा फिरायला लागतात, कोपऱ्याकोपऱ्यात वह्यांचे गठ्ठे साचतात आणि सगळ्यांनी हळू बोलायचं असतं. यंदा नातीची बारावी आहे. परवा सकाळी ती प्रॅक्टिकलचा सराव करून आली आणि मी पोहे खात बसलो होतो तिथे येऊन तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. परीक्षानळीचा फोटो होता. नळीच्या तळाशी पिवळाधमक साका बसला होता.

"आजोबा, तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? सांगा, कशाची टेस्ट?"

"फॉस्फेट," मी म्हणालो.

"बरोब्बर. कॅनरी यलो. कन्फर्म." ती खूश होऊन आत गेली. मी समोरच्या बशीकडे पाहिलं. पोह्यांवर हळदीचा तोच रंग होता. बशी बाजूला सारली. बायकोनं विचारलं, मीठ जास्त झालं का? म्हटलं, नाही, पोट भरलं. पन्नास वर्षं होऊन गेली, संसार झाला, नोकरी संपली, दात पडले, पण त्या पिवळ्या रंगाची किळस काही पोटातून गेली नाही. एरवी हळद, झेंडू, आंब्याचा रस, सगळं चालतं. नळीच्या तळाशी बसलेला तो पिवळा मात्र पाहवत नाही.

तो बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा. मी बावीस वर्षांचा, नगरच्या कॉलेजातून नुकता बी. एस्सी. झालेला, आणि खनिजं शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात हंगामी चिकटलेला. हुद्दा होता रसायन सहायक. ऐकायला बरा होता. प्रत्यक्षात दगडमाती कुटायची, चाळायची, अॅसिडात घालायची आणि रंग बघायचा. त्या दिवसांत साऱ्या देशाला खताची हाव सुटली होती. फॉस्फेटचा दगड परदेशातून आणावा लागायचा, आणि राजस्थानात उदेपूरकडे तो सापडल्यापासून प्रत्येकाला वाटायला लागलं होतं की आपल्याही जिल्ह्यात असणार. आमचा प्रदेश सगळा काळ्या पाषाणाचा. त्यात फॉस्फेट शोधणं म्हणजे रेड्याचं दूध काढायला बसणं. हे आमच्या बोरकरसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते भूगर्भशास्त्राचे, मुंबईत वाढलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. पण वरून हुकूम आला होता आणि साहेबांची बढती अडली होती, तेव्हा काळा पाषाण थोडा बाजूला सरकला.

हुकूम येण्याचं कारण एक ढेकूळ होतं. घोडेगावच्या अलीकडे काही मैलांवर एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून नांदताहेत. तिथले सरपंच तात्या. पांढरीशुभ्र टोपी, कोरडी मिशी आणि तोंडात सतत विकास. शेजारच्या तालुक्यांत शुगर फॅक्टऱ्या झाल्या, आपल्याकडे काहीच नाही, ही सल त्यांना लई. गावाबाहेरच्या ओढ्याच्या खोलगट भागात पांढरट माती होती आणि तिच्या कडेला ज्वारी पुरुषभर वाढायची. तात्यांनी त्या मातीचं एक ढेकूळ कागदात बांधून मुंबईला पाठवलं. तिथं कुणीतरी ते तपासलं आणि त्यात फॉस्फेट निघालं. खोटं काहीच नव्हतं. फॉस्फेट होतंच त्यात.

"ह्या मातीत लई ताकद हाय, सायब," पहिल्याच दिवशी तात्यांनी सांगितलं. "खताची फॅक्टरी आली तर आमच्या पोरांची ददात मिटंल."

बोरकरसाहेबांनी जीपच्या बॉनेटवर गावनकाशा पसरला. त्या खोलगट भागावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: हाडकी.

"हाडकी म्हणजे काय?"

तात्यांनी टोपी सारखी केली. सोबत चार माणसं आली होती. एकानं खाकरून थुंकलं.

"नाव हाय नुसतं," तात्या म्हणाले. "माळ हाय."

साहेबांनी मान डोलावली आणि नकाशावर लाल पेन्सिलनं गोल काढला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मी मिरजगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. हाडकी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. प्रत्येक गावाला ती असते. मेलेली ढोरं ओढून नेऊन जिथं टाकतात, सोलतात, आणि उरलेलं गिधाडं-कुत्री संपवतात, ती जागा. घोडेगावच्या बाजाराला जाणारी म्हातारी, थकलेली जनावरं वाटेत पडायची, तीही इथंच यायची. किती पिढ्या, कोण जाणे. खोलगट भाग भरत आला होता. आणि त्या वर्षी तर दुष्काळानं दावणीच्या दावणी रिकाम्या केल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या टोकाला ताजं काम चालू होतं. वास सांगतच होता. पण साहेबांनी नाकाला अत्तराचा रुमाल लावला होता आणि मी तोंडाला कुलूप.

का नाही बोललो? पुष्कळ वर्षं मी याची निरनिराळी उत्तरं तयार करत आलो. हंगामी नोकरी होती. साहेबांना शिकवणारा मी कोण? उत्तर याहून साधं आणि घाणेरडं आहे. मला त्या जागेचं नाव तोंडात घ्यायची शिसारी वाटली. लहानपणी आम्ही त्या बाजूला फिरकलो तरी आई अंगणातच अडवायची, अंगावर पाणी ओतायची आणि मगच घरात घ्यायची. ज्या बैलाच्या पाठीवर आदल्या आठवड्यात झूल घातली, तो मेला की एका दोरानिशी आमचा संबंध तुटायचा. पुढचं दुसऱ्या माणसांनी करायचं आणि त्या माणसांची आम्ही किळस करायची. किळस जन्मजात नसते, ती अशी अंगणात पाण्याबरोबर ओततात. मला ती चांगली भिनली होती. जे आपल्याच घरानं टाकलं ते 'आपलं' म्हणून सांगायची माझी तयारी नव्हती, आणि तात्यांचीही नव्हती.

आमचा मुक्काम शनिशिंगणापुरात होता. तिथल्या घरांना दारं नसतात, आमच्या खोलीलाही नव्हतं. बोरकरसाहेबांनी नमुन्यांच्या पेट्यांना पितळी कुलपं घातली आणि दाराच्या जागी गोणपाट टांगलं. ड्रायव्हर हमीदभाई नगरच्या मंगळवार बाजारातले, पन्नाशीचे, मिश्कील. ते म्हणायचे, "साहेब, इथं चोर येत नाही. जे येतंय ते कुलपानं थांबत नाही." वास यायचा. जागा काही मैल लांब, पण तो आमच्या कपड्यांत बसून यायचा. सकाळी अंगावर तांब्यानं पाणी घेतलं, साबण झिजवला, तरी जेवायला बसलं की घासाबरोबर यायचा. बाहेर देवाच्या दारी तेलाचा वास, आत आमचा. मी भाकरी नाकापासून लांब धरून खायला शिकलो. हमीदभाई मात्र शांतपणे जेवायचे. एकदा म्हणाले, "बेटा, तुला वास कशाचा येतो? जनावराचा की गप्प बसल्याचा?" मी हसण्यावारी नेलं.

हाडकीला लागून दोन एकरांचा एक तुकडा होता आणि त्यात एक विहीर. तो भागाबाईचा. गावाची मेलेली ढोरं ओढण्याच्या बदल्यात तिच्या सासऱ्याच्या आज्याला ती जमीन मिळालेली, म्हणून त्या तुकड्यालाही गाव हाडकीचंच रान म्हणायचं. छप्पन साली तिच्या नवऱ्यानं दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरातल्या कुणी मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, अशी आण घेतली. गावानं वर्षभर त्यांचं दळण-सरपण बंद केलं. त्यांनी हात लावला नाही. मग गावानं चडफडत आपापली ढोरं आपणच गाडीला बांधून ओढायला सुरुवात केली. नवरा वारला, मुलगा मुंबईला गिरणीत लागला, आणि भागाबाई एकटी त्या विहिरीवर राहायची. साठीची असेल. काटक, सावळी, बोलायला तिखट. त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी खडखडीत झाल्या होत्या, पण हिच्या विहिरीला दीड पुरुष पाणी होतं. जी विहीर गाव शिवायचं नाही, तिच्यावर आता घागरींची रांग लागायची. तात्यांच्या घरचं पाणीही तिथूनच जायचं, फक्त गड्याच्या खांद्यावरून.

आमच्या कामाचा अर्थ तिच्यासाठी एकच होता. पांढरा थर जिकडे जाईल तिकडे आमचे खड्डे जाणार. तो थर तिच्या बांधाखाली गेला आणि रंग पिवळा येत राहिला, तर तिथं चाचणीची मोठी चर खणली जाणार, तळाला सुरुंग लागणार, आणि विहिरीचा झरा फिरणार. बोरकरसाहेबांनी तिला हे पहिल्या आठवड्यातच सांगितलं. मोबदला मिळेल, असंही म्हणाले. ती म्हणाली, "पान्याचा काय मोबदला देतासा?"

मजूर मिळायला त्रास नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा मऊ माती खणणं केव्हाही बरं. गावातल्या आणि वस्तीवरच्या बायका दोन वेगळ्या टोकांना बसून चाळायच्या. दुपारी खायला सरकारी सुकडीची पाकिटं फुटायची. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं आपण काय चाळतोय. पदर नाकावर ओढून त्या मुकाट चाळायच्या, कारण काम बंद पडलं तर परत खडी. त्यांचं गप्प बसणं मला आजही समजतं. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही.

माझी जागा एका पालाखाली. खाली लाकडी खोकं, त्यावर स्पिरिटचा दिवा, अॅसिडच्या बाटल्या, मॉलिब्डेटचं द्रावण. चिमूटभर माती, त्यावर नायट्रिक अॅसिड, फसफस, मग द्रावण, मग दिव्यावर हलकी ऊब. आणि नळीच्या तळातून तो पिवळा उगवायचा. पहिले दोन दिवस मलाही कौतुक वाटलं. मग अॅसिड सांडून बोटांची टोकंही तशीच पिवळी पडली. ती कातडी गळून जाईपर्यंत रंग जात नाही. त्याच बोटांनी जेवायचं.

नळ्या धुवायला पाणी लागायचं आणि ते भागाबाईच्या विहिरीचं. ती मोठी बाटली स्वतः भरून द्यायची. देताना रोज विचारायची, "घोटभर प्या की, सायब. ऊन लई हाय." आणि मी रोज सांगायचो, नको, आमचं पाणी जीपमध्ये आहे. जीपमध्ये शिंगणापूरहून आणलेल्या डब्यात ते ऊन ऊन व्हायचं, पत्र्याची चव लागायची, तरी मी तेच प्यायचो. तिच्या पाण्याच्या बाटलीवर मी चिठ्ठी चिकटवली होती. माझ्याच हातानं, ठळक अक्षरात: फक्त टेस्टसाठी. साहेब म्हणाले होते, बाटल्यांवर लेबल हवं. पण 'फक्त' हा शब्द माझा होता.

आता दातांविषयी.

हाड विरतं. पावसापाण्यात, चुनखडीत, राखेत मुरत मुरत त्याचा भुगा होतो आणि मग ते मातीसारखं दिसतं. दात विरत नाहीत. पहिल्या खड्ड्याच्या चार फुटांखालून आलेली पाटी चाळताना जाळीवर सात-आठ राहिले. बैलांचे, गाईंचे, लांबट, कडेला पन्हाळ असलेले, चहाच्या रंगाचे. मी ते तळहातावर घेऊन बोरकरसाहेबांकडे गेलो. तीच ती वेळ होती. बोलायचं होतं तर तेव्हा. सगळं हातातच होतं.

साहेबांनी पाहिलं आणि थोडं मागे सरकले. "वरून घसरले असतील. यंदा जनावरं किती मेलीत बघताय ना. हे काँटॅमिनेशन आहे. काढून टाका."

"चार फुटांखालचे आहेत, सर."

"खालचा थर नैसर्गिक आहे," ते प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले. "जुन्या तळ्याचा तळ असणार. नमुना स्वच्छ पाहिजे."

मला वाटतं, त्यांनाही कळलं होतं. पण त्यांनी अहवालाचं पहिलं पान आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं. मी परत पालाखाली आलो आणि दात बाजूला टाकले. मग रोजच. मजूर बायका चाळून पाटी माझ्याकडे आणायच्या आणि शेवटची निवड मी करायचो, चिमट्यानं. दात, शिंगाचा तुकडा, खुराची किनार, एकदा गळ्यातल्या घुंगराचा हिरवा पडलेला अर्धा भाग. सगळं पालामागे भिरकावायचो. तिथं ढीग झाला. उरलेली माती नळीत जायची आणि पिवळी व्हायची. तांदूळ निवडताना खडे काढतात तसा मी खरेपणा निवडून काढत होतो, आणि नमुन्यांवर सही करत होतो. हे लिहितानाही ओकारी येते. त्या वासाची नाही, त्या चिमट्याची.

एकदा दुपारी मी पाणी आणायला गेलो तेव्हा भागाबाई रहाटाशी बसली होती. मी विचारलं, तुम्ही साहेबांना का सांगत नाही, इथं काय आहे ते?

तिनं उलट विचारलं, "तुमी कुनीकडचं?"

"मिरजगावचा."

"मंग तुमाला ठावं हाय."

मी बाटली खाली ठेवली.

"मी सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "मी सांगितलं तर ते ढोरांचं काम पुना माज्याच नावावर. म्हनतील, बघा, हिलाच ठावं, हिच्याच जातीचं काम. माजा धनी ह्या एका गोष्टीपायी वरीसभर उपाशी निजला. ढोरं कुनाची? तात्याची, पाटलाची, गावाची. टाकली त्यांनी, तर सांगावं बी त्यांनी. मी वाट बगती हाय."

"आणि विहीर गेली तर?"

"म्हनून तर वाट बगती. इतक्या जनांत एकाला तरी तोंड आसंल."

मी बाटली उचलली. ती म्हणाली, घोटभर घ्या. मी म्हणालो, नको.

गावोगावच्या खताच्या दुकानांत रचलेली पोती बघितली की मला अजून अस्वस्थ वाटतं. पोत्यांवर डोलणारी कणसं, हसरे शेतकरी. माती जे खाते ते पुन्हा कणसात देते, त्यात घाण-स्वच्छ असं काही नसतं, हे मी नोकरीत पुढे शिकलो आणि व्याख्यानांतून सांगितलंही. हाडांचा चुरा शेतकऱ्याचा मित्र, वगैरे. लोक टाळ्या वाजवायचे. हाडकीच्या कडेची ज्वारी पुरुषभर वाढायची ती त्याच मित्रामुळे आणि ती ज्वारी अख्खं गाव खायचं, कुणालाही कधी मळमळलं नाही. मळमळायचं ते फक्त हाडकीशेजारी राहणाऱ्या माणसाच्या हातचं पाणी बघून. माझ्या जातभाईंच्या पोटाची ही रचना कुठल्या शास्त्रात बसते, हे मला कुणीच शिकवलं नाही.

जूनच्या तोंडावर आकाश नुसतंच भरून यायचं आणि जायचं. आमचे खड्डे भागाबाईच्या बांधाला भिडले. नमुने पिवळेच येत होते, स्वच्छ, सुंदर पिवळे. साहेबांनी तिच्या विहिरीभोवती चुन्याच्या रेघा मारल्या आणि खुंट्या ठोकल्या. चरीचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं आणि ते पाहायला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. तात्यांनी नारळ मागवला. खुंट्या ठोकताना भागाबाई विहिरीच्या दगडी थारोळ्यावर बसून होती. तिनं कुणाला अडवलं नाही. फक्त तात्या तिथून जायला लागले तेव्हा म्हणाली, "तात्या, सोमवारच्याला तरी सांगा." तात्यांना ऐकू आलं नाही. त्यांना पुष्कळदा ऐकू यायचं नाही.

सोमवारी मोठे साहेब आले. बुटके, जाड भिंगांचे, धोतरातल्या माणसानं पँट घालावी तसे दिसणारे. पालाखाली टेबल, त्यावर नकाशा आणि माझ्या नळ्यांची रांग. बोरकरसाहेब बोलत होते, जुनं तळं, पांढरा थर, पुढची शक्यता. मोठे साहेब नळ्या उजेडात धरून बघत होते. तात्या नारळ हातात घेऊन उभे. मजूर बायका लांब बसलेल्या. हमीदभाई जीपला टेकून.

तेवढ्यात भागाबाई पालामागून आली. तिच्या हातात सूप होतं. त्या दिवसापर्यंत तिनं आमच्या कामाच्या हद्दीत पाऊल टाकलं नव्हतं. ती सरळ टेबलापाशी आली आणि थांबली. सूप दातांनी भरलेलं होतं. मी भिरकावलेले, तीन महिन्यांचे. तिनं ते एकेक करून उचलले होते, मातीतून, ढिगातून. तिच्या हातांना कोपरापर्यंत तो पांढरट चिखल लागला होता.

ती आधी तात्यांकडे वळली. "सांगा की आता. इतकी वर्सं टाकलंत. येकडाव सांगा."

तात्या घोडेगावच्या रस्त्याकडे बघत राहिले. नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग ती माझ्याकडे वळली. मला फक्त आठवतंय की माझ्या हातात चिमटा होता आणि मी तो खिशात घालायचा प्रयत्न करत होतो.

भागाबाईनं सूप नकाशावर उपडं केलं. दात खडखडत टेबलभर पसरले, दोन नळ्या आडव्या झाल्या आणि पिवळा साका कागदावर ओघळला. "ह्ये बी लिवा," ती म्हणाली. "ही ढोरं टाकायची जागा हाय. समद्या गावाची. माजा सासरा ओढायचा. तुमचा दगुड न्हाई ह्यो, हाडं हायत."

मोठ्या साहेबांनी एक दात उचलला, अंगठ्यानं पुसला, भिंगाजवळ नेला. त्यांना क्षणही लागला नाही. "बैल आहे," ते म्हणाले. "बोरकर, एवढे दात निघाले आणि तुमच्या एकाही नमुन्यात याची नोंद नाही? निवडून कुणी काढले?"

"मजूर बायकांनी, सर," बोरकरसाहेब लगेच म्हणाले. "अडाणी आहेत, त्यांना काय कळतंय. परस्पर टाकून देत असतील." आणि माझ्याकडे पाहिलं. "होय ना हो?"

लांब बसलेल्या बायकांना ऐकू गेलं होतं. भागाबाई माझ्यासमोर दोन हातांवर होती.

मी मान हलवली. होय, अशी.

कुणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. मोठे साहेब उठले, काम बंद करा म्हणाले. अहवालात एक ओळ गेली की स्थानिक मजुरांच्या निष्काळजीपणामुळे नमुने सदोष ठरले. ती ओळ पुढे मी स्वतः पाहिली. बायका दुसऱ्या दिवशी खडी फोडायला गेल्या. खुंट्या उपटल्या, विहीर वाचली. म्हणजे भागाबाईला जे वाचवायचं होतं ते वाचलं, असं कुणी म्हणेल. मीही काही वर्षं स्वतःची तशी समजूत घातली. पण तिला फक्त विहीर वाचवायची नव्हती. पाणी वाचवायला तिला त्या मातीत हात घालावा लागला, ज्या मातीत हात घालायचा नाही म्हणून तिचा नवरा उपाशी निजला होता. इतक्या जणांत एकाला तोंड असतं तर तिला ते करावं लागलं नसतं. पहिल्या खड्ड्याच्या वेळीच सात-आठ दात मी तळहातावर घेऊन उभा होतो. दोन शब्दांचं काम होतं.

निघायच्या आधी पालाचं सामान बांधलं. ऊन टळटळीत होतं, घशाला कोरड पडली होती आणि जीपमधला डबा मोठ्या साहेबांच्या मंडळींनी संपवला होता. मी मोठी बाटली घेऊन विहिरीकडे गेलो. खरं सांगायचं तर तहानेपेक्षा मला काहीतरी फेडायचं होतं. वाटलं, आज तिच्या हातचं पाणी प्यावं, तिच्यासमोर, घोटभर नाही, ओंजळभर. म्हणजे निदान तेवढं तरी होईल. आमच्या पापाची किंमत आम्ही नेहमी इतकी स्वस्तच ठरवतो.

भागाबाई थारोळ्याशी बसून राखेनं हात घाशीत होती. घासायची, पाणी ओतायची, हात नाकाशी नेऊन हुंगायची, परत राख घ्यायची.

"बाई," मी म्हणालो, "प्यायला पाणी द्या."

तिनं वर पाहिलं. राग नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी तिच्याकडे प्यायला मागत होतो, हे तिच्या लक्षात आलं असावं.

"आज न्हाई, सायब," ती म्हणाली. "आज माजे हात घान झालेत. ह्या हातानं मी कुनाला पानी द्यायची न्हाई."

मग ती पुन्हा हात घासायला लागली. रहाटाला दोर होता, बादली होती, मी स्वतः काढून पिऊ शकलो असतो. धीर झाला नाही. रिकामी बाटली घेऊन जीपकडे परत आलो. हमीदभाईंनी बाटली माझ्या हातून घेतली, फिरवून पाहिली आणि तिच्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. फक्त टेस्टसाठी.